चाकरमान्याचे गाव

नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्या आपल्या माणसाला कोकणाने 'चाकरमानी' म्हटले, आणि या शब्दात गाव सोडण्याची एक विशिष्ट कल्पना सामावलेली आहे : माणूस जातो तो चाकरीपुरता, बिऱ्हाड मात्र गावालाच राहते. मालवणी मुलुखात मुलाची चौकशी केली की 'झील मुंबईक असता' असे उत्तर मिळते. त्याने गाव सोडले, असे कोणी म्हणत नाही.

1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केल्यानंतर पुढील दशकांत गिरण्या वाढत गेल्या, आणि भाताच्या एका पिकावर, त्यातही खोताला, म्हणजे सरकार व कूळ यांच्यामध्ये राहून सारा वसूल करणाऱ्या वतनदाराला, वाटा देऊन जगणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातील घरांनी एकेक मुलगा बोटीने मुंबईला धाडला. तो जात होता ते घर तगावे म्हणून. एकाच गावची माणसे एका खोलीत पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत आणि उरलेला पैसा मनीऑर्डरीने पाठवत. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक कुपन असे. त्या बोटभर जागेत गुरांची, औषधपाण्याची, बहिणीच्या लग्नाची विचारपूस दाटीवाटीने लिहिलेली असे, आणि ज्या घरात वाचणारे कोणी नसे तिथे पोस्टमन ती ओटीवर वाचून दाखवी.

शिक्षणाने गाव सोडण्याच्या या कल्पनेत पहिला बदल घडवला. कोकणातल्या मुरूडहून परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेलेले धोंडो केशव कर्वे पुढे मुंबई-पुण्यात घडले. त्यांच्या जाण्यामागे स्वतः काही होण्याची ओढ होती, तरी गावासाठी 'मुरूड फंड' उभारताना त्यांनी जुने नातेही पाळले.

'करिअर' हा शब्द याहून पुढचे सांगतो : माणसाची आवड आणि त्याची प्रगती, एवढेच कारण गाव सोडायला पुरेसे आहे. यात स्वार्थ वाढला अशी तक्रार वारंवार केली जाते, पण ती एकांगी आहे. 'चाकरमानी' म्हणताच पुरुषच डोळ्यांसमोर येतो. शेत, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळत मागे राहिलेल्या ज्या बायकांच्या कष्टांवर त्याचे जाणे उभे होते, त्यांच्या इच्छेला त्या कल्पनेत जागाच नव्हती. घरच्या अडचणीचा आधार न घेता पुण्याला किंवा बेंगळुरूला निघालेली मुलगी ही नव्या शब्दाची खरी कमाई आहे.

1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईतले गिरणगाव ओसरत गेले, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि गाव एका रात्रीच्या अंतरावर आले, तरी रोजगार बव्हंशी शहरातच राहिला. म्हणूनच गणेशचतुर्थीला गाड्या भरभरून येतात आणि वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलुपे निघतात. ती काढणाऱ्यांत आता स्वतःच्या पगारातून माहेरची कौले परतून घेणाऱ्या मुलीही असतात, आणि त्यांना काय म्हणावे, यासाठी गावात अजून शब्द रुळलेला नाही.