सूर्याचे देणे आणि गृहस्थाचा हिशेब

वैशाखात ज्या मुलुखावर सूर्य आपले सारे सामर्थ्य ओतीत असतो, त्या अकोला-चंद्रपूरकडील एखादा गृहस्थ घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवावीत की नाहीत याचा विचार करू लागला, म्हणजे ‘पैसे किती वर्षांत वसूल होतील?’ हाच प्रश्न त्याच्या तोंडून प्रथम निघतो. आणि धर्माचा विचार करणाऱ्याने या प्रश्नाला क्षुद्र लेखू नये, असे मला आरंभीच सांगावेसे वाटते. अर्थाला चार पुरुषार्थांत जागा देणाऱ्या आपल्या परंपरेने गृहस्थाश्रमाला इतर तिन्ही आश्रमांचा आधार मानले, आणि ज्याच्या घरचा जमाखर्च विस्कटला आहे त्याच्या हातून अतिथीचा सत्कारही धड होत नाही. म्हणून आधी हिशेब करू, आणि तो सरळ करू.

तीन किलोवॅटच्या संचाला सुमारे ३०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि साधारणतः दीड ते दोन लाखांच्या घरात खर्च येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून त्यापैकी ७८,००० रुपये अनुदान म्हणून परत मिळतात. आपल्याकडील उन्हात असा संच वर्षाची सरासरी धरता दिवसाला १२ युनिटांच्या आसपास वीज देतो. घरगुती विजेची आकारणी टप्प्याटप्प्याने चढत जाते, पहिली १०० युनिटे स्वस्त, ३०० पर्यंतची महाग आणि त्यापुढची अधिकच महाग, त्यामुळे महिना साडेतीनशे-चारशे युनिटे जाळणाऱ्याचे मुद्दल चार-सहा वर्षांच्या आतच फिटते; पॅनेल पंचवीस वर्षे चालते, मध्यंतरी एकदा इन्व्हर्टर बदलावा लागतो, आणि स्थिर आकार मात्र मागे लागलेलाच राहतो. उलट ज्याच्या घरी दोन दिवे, दोन पंखे आणि एक टीव्ही एवढाच पसारा आहे, महिन्याची शंभर युनिटेही जळत नाहीत, त्याने शेजाऱ्याच्या गच्चीकडे पाहून कर्जरोख्यावर सही करू नये. त्याची बचत इतकी थोडी असेल की व्याजच तिला गिळून टाकील.

व्यवहाराचे उत्तर एवढ्यात संपते, आणि पुरेशी वीज वापरणाऱ्या पक्क्या घरांपुरते ते ‘होय, परवडते’ असेच आहे. परंतु सूर्यापासून काही घ्यावयाचे ठरले म्हणजे घेणाऱ्याने कसे घ्यावे हा दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते पहिल्याचे मोल या दुसऱ्यावर अवलंबून आहे.

ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, ही समजूत अर्धीच खरी आहे. पॅनेलवर छापलेली क्षमता पंचवीस अंश तापमानाला मोजलेली असते, आणि त्यापुढे चढणाऱ्या प्रत्येक अंशामागे ती शेकड्याला पाव ते अर्धा याच्या दरम्यान घटत जाते. मे महिन्यातल्या दुपारी हवा पंचेचाळीस अंशांवर असते तेव्हा काचेखालची पट्टी साठ-पासष्टाच्या पुढे गेलेली असते, आणि सूर्य जेव्हा सर्वाधिक देत असतो नेमक्या त्याच वेळी आपल्या घेण्याच्या साधनाची ताकद कमी पडते. त्यातच धुळीचा थर आणि पारव्यांची शीट. ती धुवावयाची तर पहाटे, काच निवलेली असताना, बादली आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश घेऊन वर चढावे लागते, आणि तेही ज्या ऋतूत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते आणि घरोघर पिंपे भरून ठेवलेली असतात त्याच ऋतूत. ज्या गच्चीवर चैत्रात जुनी लुगडी अंथरून कुरडया, पापड आणि सांडगे वाळत पडत, तिच्यावर आता लोखंडी सांगाडा उभा राहतो; ऊन तेच आहे, त्याची वहिवाट मात्र बदलली आहे, आणि ही अदलाबदल घरातल्या ज्या स्त्रीला सोसावी लागते तिला ठरावाच्या वेळी क्वचितच विचारले जाते. तिला विचारावे, असे मी आग्रहाने म्हणतो.

याहून विचार करावयास लावणारी एक गोष्ट आहे. भर दुपारी, आकाशात ढगाचा ठिपका नसताना आणि गच्चीवर पॅनेल तळपत असताना, रस्त्यावरची लाइन गेली की बॅटरी नसलेल्या सौर घरातला पंखाही गरगरत थांबतो. नव्याने संच बसविलेल्या माणसाला ही शुद्ध फसवणूक वाटते. परंतु तिचे कारण असे की, लाइन बंद आहे असे धरून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हाताखालच्या तारेत आपल्या गच्चीवरून प्रवाह जात राहिला, तर तो माणूस जागच्या जागी मरेल. म्हणून तारेतला दाब नाहीसा झाल्याचे कळताच इन्व्हर्टरने आपले दार लावून घ्यावे अशी तजवीज त्याच्या रचनेतच केलेली असते. स्वावलंबनाच्या अभिमानाने ज्याने सूर्याशी थेट संधान बांधले, त्याचा प्रकाशसुद्धा एका अनोळखी माणसाच्या प्राणासाठी काही काळ थांबतो, आणि ते न्याय्यच आहे. रात्री तर या घरात जी वीज वापरली जाते ती दुसऱ्या कुठल्या तरी केंद्रातली, बहुधा कोळशावरची असते. दिवसा वर गेलेली युनिटे आणि रात्री खाली आलेली युनिटे यांची केवळ वजाबाकी मीटरवर होते. सूर्य आपल्याला स्वतंत्र करतो असे म्हणणे मला म्हणूनच बरोबर वाटत नाही. तो आपल्याला एका मोठ्या पंगतीत बसवतो.

पंगतीची ही कल्पना आपल्या वाङ्मयात फार जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वात, वनवासात मागोमाग आलेल्या ब्राह्मणांना खाऊ काय घालावे या चिंतेत पडलेला युधिष्ठिर पुरोहित धौम्यांच्या सांगण्यावरून सूर्याची उपासना करतो, आणि प्रचलित पाठात सूर्य त्याला जे तांब्याचे पात्र देतो ते अक्षय असते खरे, पण एका मर्यादेपर्यंत: द्रौपदी जेवेपर्यंत. आधी आश्रित व अतिथी, मग भाऊ, मग युधिष्ठिर, आणि सर्वांत शेवटी गृहिणी. ती जेवली की त्या दिवसाचे पात्र संपले. सूर्याचे देणे हे दिवसापुरते असते, ते साठवून त्यावर मक्ता सांगता येत नाही, आणि ते टिकते ते वाढण्याच्या क्रमामुळे, हे त्या कथाकाराला जितके स्पष्ट दिसले होते तितके आपल्या अनुदानाच्या अर्जांत कुठे दिसत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देवांनी दिलेले त्यांना काही परत न करता भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. हा शब्द कठोर आहे, आणि विजेच्या बिलाच्या संदर्भात तो उच्चारताना मी तो विचारपूर्वक उच्चारतो.

कारण परत करण्याचा प्रश्न इथे प्रत्यक्ष आहे. ते ७८,००० रुपये सरकारी तिजोरीतून येतात, आणि त्या तिजोरीत काडेपेटीवरचा कर भरणारा, पत्र्याच्या छपराखाली भाड्याने राहणारा माणूसही भर घालतो, ज्याला स्वतःची गच्चीच नाही. तारा, खांब, रोहित्रे आणि तो वायरमन यांचा खर्च सर्व ग्राहकांत वाटला जातो. मोठी बिले भरणारे एकेक करून शून्य बिलाकडे सरकले, म्हणजे तो भार मागे राहिलेल्यांवर अधिक पडण्याचा धोका उघड आहे. यावरून गच्चीवरची पॅनेल अन्याय्य ठरतात असे मी म्हणत नाही. दुपारी जिथे वीज तयार होते तिथेच ती खर्च होते, कोळसा तेवढा कमी जळतो, आणि चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राच्या आसपास राहणाऱ्याला या कमी जळण्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही. मी एवढेच म्हणतो की ज्याचे बिल शून्यावर आले, त्याचे देणे शून्यावर आलेले नाही. स्थिर आकार भरताना कुरकुर करणे त्याने तरी सोडावे. आणि वीज फुकट झाली म्हणून दुसरा एसी बसविण्याआधी थांबावे, कारण तसे केल्याने कोळशाची वाचलेली गाडी पुन्हा रुळावर येते.

सार्वजनिक पैसा मर्यादित असेल तर तो प्रथम कुठे जावा, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. रात्रीच्या विजेवर पाणी द्यावयास बॅटरी घेऊन शेतात जाणारा, बांधावरच्या सापाची भीती बाळगीत बारे मोडणारा शेतकरी दिवसा पाणी देऊ शकला, तर त्या सौर युनिटाचे मोल माझ्या दिवाणखान्यातल्या युनिटापेक्षा कितीतरी अधिक आहे. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू हाच होता, आणि गच्चीच्या अनुदानाआधी तिची तरतूद व्हावी.

शहरात हाच विवेक सहकारी गृहसंस्थेच्या सभेत करावा लागतो, जिथे गच्ची सामाईक असते आणि वरच्या मजल्यावरचा एखादा सभासद आपल्या एकट्याच्या संचासाठी जागेची मंजुरी मागतो. त्याला एकदम नकार देऊ नये. परंतु पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि लिफ्ट ज्या मीटरवर चालतात त्या मीटरला त्या उन्हावर पहिला हक्क द्यावा, आणि त्यातून जी रक्कम वाचेल तिची वजावट देखभालखर्चात करताना, तो खर्च भाड्यातून भरणाऱ्या बिऱ्हाडकरूपर्यंत ती पोहोचते की नाही, हे चिटणिसाने सभेच्या वृत्तांतात नोंदवावे.