बिनपगारी सेवेचा हिशेब

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याच्या बागा पुष्कळ, आणि बाग म्हटली की विहीर आली. इकडची मुले पोहायला शिकतात ती बहुधा विहिरीतच. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधायचा, कमरेला दोर लावायचा, आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या एखाद्या काकाच्या किंवा मामाच्या हातात द्यायचे. या काकाला कोणी पगार देत नाही. तरी त्या अर्ध्या तासापुरता कोणाच्या तरी लेकराचा जीव त्याच्या मुठीत असतो.

काही वर्षांपूर्वी आम्हीही हे काम पत्करले होते. उन्हाळ्याच्या सुटीत दर शनिवारी सकाळी शेजारपाजारची पाचसहा मुले घेऊन आम्ही विहिरीवर जात असू. एका शनिवारी नागपूरला लग्न निघाले. आम्ही गेलो, मुलांना निरोप धाडण्याचे राहून गेले. मुलांनी तासभर वाट पाहिली. मग त्यांतल्या एकाने आपल्याच हाताने डबा बांधला आणि तो पाण्यात उतरला. गाठ सुटली. बागेला पाणी देणाऱ्या गड्याने ओरडा ऐकून उडी घेतली म्हणून मूल वाचले. संध्याकाळी खाली मान घालून आम्ही त्याच्या वडिलांकडे गेलो. ते भला माणूस. म्हणाले, “जाऊ द्या ना, भाऊ. तुम्ही कोणता पगार घेत होते!”

आम्ही हलक्या मनाने घरी आलो. पण रात्री तेच वाक्य बोचू लागले. पगार घेत असतो तर आमची चूक मोठी ठरली असती काय? आणि घेत नव्हतो म्हणून ती लहान ठरली काय? पाण्याला तर हा भेद ठाऊक नव्हता.

हा प्रश्न आमच्या विहिरीपुरता नाही. ट्रायथलॉन नावाचा एक खेळ अलीकडे आपल्या देशातही रुजत आहे. आधी पोहायचे, मग सायकल चालवायची, मग धावायचे, आणि मध्ये विसावा नाही, अशी ही तिहेरी शर्यत. १९७४ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे तिचा आरंभ झाला आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले. तेथे दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. २०१९ साली गोव्यात याहून लांब पल्ल्याची अशी मोठी शर्यत भरली होती.

या खेळाचे गावोगावचे क्लब पुष्कळ ठिकाणी बिनपगारी शिक्षकांवरच चालतात. कोणी बँकेत नोकरीला असतो, कोणी शाळेत. पहाटे उठून तो तलावाकाठी उभा राहतो, पाण्यात गेलेली डोकी मोजतो, बाहेर आलेली पुन्हा मोजतो. सायकलीच्या सरावात तो सर्वांत मागे पडलेल्याच्या सोबतीने जातो. मग घरी येऊन, आंघोळ करून, आपल्या कामावर. या खेळात जे मृत्यू घडले त्यांतील बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात घडले, असे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणजे डोकी मोजण्याचे ते साधे काम किती मोलाचे आहे पाहा!

अशा माणसाचे मोल कळण्यास दूर जावयास नको. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक होते. झोपडपट्टीतील मुले पावसात एका मोडक्या बादलीला लाथा मारीत खेळत आहेत, हे त्यांनी पाहिले आणि २००१ साली अशा मुलांसाठी फुटबॉलचे काम सुरू केले. पुढे २०२२ साली त्यांच्या कार्यावरून ‘झुंड’ हा चित्रपट निघाला. पण आम्हांला चित्रपटाहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. ती मुले कॉलेजच्या पटावर नव्हती. त्यांच्याकडे पाठ फिरवली असती तरी कोणी जाब विचारला नसता. जेथे कोणी जाब विचारणार नाही तेथे ते वर्षानुवर्षे टिकून राहिले.

फुकट सेवा करणाऱ्यापुढे दोन मोह उभे असतात. पहिला ढिलाईचा: मी कोठे पैसे घेतो? आज नाही गेलो तर काय बिघडले? दुसरा मालकीचा: मी पैसे न घेता एवढे करतो, तर मुलाने माझे ऐकलेच पाहिजे, त्याच्या आईबापांनी उपकार मानलेच पाहिजेत, आणि मूल पहिले आले तर नाव माझे झाले पाहिजे. वरवर पाहता हे मोह एकमेकांच्या उलट दिसतात. पण दोहोंचे मूळ एकच आहे. आपण पगार सोडला असे म्हणतो, पण मनातल्या वहीत तो मांडून ठेवतो, आणि मग कधी सवलतीच्या तर कधी मानाच्या रूपाने वसूल करतो.

ट्रायथलॉनच्या नियमांत मालकीच्या मोहावर एक चांगला उतारा आहे. शर्यत सुरू झाली की शिक्षकाने शिष्याला मदत करावयाची नसते. त्याने पोहायचे ते त्याने, सायकल चालवायची ती त्याने. शिक्षकाचे सारे काम त्यापूर्वी संपलेले असते. आपल्यावाचून शिष्याचे चालावे हाच ज्याच्या श्रमाचा हेतू, त्याने मालकी सांगावी कशी?

ढिलाईच्या मोहावर उतारा शोधताना आम्हांला करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय आठवतो. शर्यतीत धावणाऱ्यांचा दाखला आपण सर्वांनी तेथे वाचला आहे. करिंथजवळच इस्थमियन खेळ भरत, त्यामुळे तो दाखला तेथील लोकांना लगेच समजला असेल. पण त्याच अध्यायाच्या आरंभी विषय कोणता आहे? मजुरीचा! काम करणाऱ्याला मोबदल्याचा हक्क आहे हे पौल आधी ठासून सांगतो. मग तो हक्क आपण वापरला नाही असे सांगतो. करिंथात तो तंबू करून पोट भरीत असे. आणि त्यानंतर धावणाऱ्याच्या कडक संयमाची गोष्ट काढतो. पगार सोडला म्हणून सराव सोडला नाही. उलट ज्याला धनी विचारीत नाही, त्याने स्वतःलाच अधिक विचारावे लागते.

कोणी म्हणेल, “फुकट राबणाऱ्याकडून एवढी अपेक्षा केली तर पुढे येणार कोण?” ही शंका खरी आहे, आणि तिचे उत्तर आम्हांला विहिरीवर मिळाले. थोडेच कबूल करावे, पण कबूल केले तेवढे पाळावे. दर शनिवार जमत नसेल तर महिन्यातून एक शनिवार सांगावा. जाणे होत नसेल तर निरोप द्यावा, आपल्या जागी दुसरा नेमावा. आणि जे ही सेवा घेतात त्यांनीही पौलाचे पहिले म्हणणे विसरू नये. स्वयंसेवकाचा प्रवासखर्च, साहित्याचा खर्च त्याच्याच खिशातून जाऊ देणे आणि वर्षाच्या शेवटी नुसते आभार मानणे, हे न्यायाचे नव्हे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तुम्हीही बिनपगारीच आहात. धडा न वाचता वर्गात जाण्याची सकाळ, पाऊस आहे म्हणून घरी राहण्याची सकाळ तुमच्याही वाट्याला येत असेल. तुमच्या वर्गात कोणी बुडत नाही असे वाटते. पण एखादे मूल दारापर्यंत येऊन, वर्ग बंद पाहून परत जाते, आणि पुढच्या रविवारी येत नाही. त्याचा ओरडा बागेतल्या गड्यालाही ऐकू जात नाही.

ते मूल आता मोठे झाले आहे, चांगले पोहते. दिसले की “काका, नमस्कार” म्हणते. त्याच्या वडिलांनी आम्हांला क्षमा केली याबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. पण त्यांनी दिलेली सबब मात्र आम्ही त्या दिवसापासून परत केली आहे.