गुरूला दिलेलं मत

गुरूच्या पायाशी माणूस पैसा ठेवतो, घर ठेवतो, स्वतःचं नावसुद्धा ठेवतो. आपल्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. पण मत ठेवता येतं का? ओरेगनमध्ये स्थायिक झाल्यावर हा प्रश्न मला अँटिलोप या गावाने घातला.

कॅस्केड पर्वत ओलांडला की हिरवं ओरेगन संपतं. पुढे माणदेशासारखे कोरडे, पिवळे डोंगर लागतात. त्यांच्या कुशीत हे गाव. 2020 च्या जनगणनेत तिथे 37 माणसं होती. 1981 मध्येही चाळीसेकच असतील, बहुतेक निवृत्त झालेली. त्या वर्षी पुण्याच्या कोरेगाव पार्कातला आश्रम सोडून रजनीश अमेरिकेत आले आणि गावापासून जवळच त्यांच्या संस्थेने 64 हजार एकरांचं रँच विकत घेतलं. शिष्यांनी गावातही घरं घेतली, मतदार यादीत नावं घातली. गावकरी धास्तावले. गाव हातचं जाण्यापेक्षा नगरपालिकाच बरखास्त करू, असा ठराव त्यांनी एप्रिल 1982 मध्ये मतदानाला टाकला. तो 42 विरुद्ध 55 मतांनी पडला. नोव्हेंबरात पालिका संन्याशांच्या हाती गेली आणि पुढे गावाचं नावच ‘रजनीश’ झालं.

परंपरेतला संन्यासी स्वतःचं श्राद्ध उरकून बाहेर पडतो. गावाच्या कारभारात त्याला बोलायचं काही उरत नाही. रजनीशांच्या नवसंन्यासात जग सोडायचं नव्हतं, म्हणजे मताचा हक्कही सुटला नव्हता. नवे म्हणून त्यांना मत नाकारावं, हे मला मुळीच पटत नाही. मी स्वतः या देशात बाहेरून आलेली बाई आहे. जो नागरिक इथे राहतो तो इथला मतदार, हे तत्त्व नसतं तर मलाही इथे जागा नव्हती. सगळ्यांनी एकाच बाजूला मत दिलं, एवढ्यावरूनही मी दोष देणार नाही. ते 42 जणही एकगठ्ठाच होते.

मला डाचते ती गोष्ट वेगळी आहे. 1981 पासून 1984 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत रजनीश जाहीरपणे बोलतच नव्हते. त्यांचं मौन होतं. त्यांच्या वतीने बोलत होत्या त्यांच्या सचिव माँ आनंद शीला. म्हणजे शिष्याने आपला निर्णय गुरूच्या पायाशी ठेवला, पण तो उचलला मधे उभ्या असलेल्या व्यक्तीने. वारकऱ्याला हे सांगायला नको. विठ्ठलही बोलत नाही, आणि न बोलणाऱ्या देवाच्या दारात कोण उभं राहतं हे पंढरपुराने शतकानुशतकं पाहिलं. बडव्यांचे हक्क संपायला 2014 साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. म्हणून मला वाटतं, समर्पण कितीही निर्मळ असो, त्यातून मत बाजूला काढून ठेवलंच पाहिजे. भक्ती चुकली तर तिचा भोग भक्ताचा. मत चुकलं तर तो शेजाऱ्याला भोगावा लागतो.

शेजाऱ्यांना तो भोगावा लागलाच. 1984 मध्ये संस्थेला वास्को काउंटीच्या, म्हणजे अँटिलोपच्याच काउंटीच्या, निवडणुकीवर ताबा मिळवायचा होता. विरोधी मतदार त्या दिवशी घरीच पडून राहावेत म्हणून शीलांच्या आतल्या गोटाने जंतू वापरायचं ठरवलं, आणि त्याची चाचणी म्हणून त्याच काउंटीतल्या द डॅल्स या शहरातल्या दहा हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळला. 751 माणसं आजारी पडली. देवदयेने कुणी गेलं नाही. शिवाय देशभरातून हजारो बेघर माणसं बसमधून आणली गेली, त्यांनाही मतदार करायचं होतं. तेव्हा काउंटीने प्रत्येक नव्या मतदाराची सुनावणी लावली. घाबरलेल्या लोकांनी ते केलं हे मी समजू शकते, पण नवा तेवढा संशयित ठरवणं हाही अन्यायच होता. कुणी आपल्या मनाने मत देतोय की दुसऱ्याच्या, हे कोणत्याही कारकुनाला विचारून कळत नाही. ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

इथे मतपत्रिका टपालाने घरी येते. एक मैत्रीण नवी नागरिक झाली, तेव्हा पत्रिका घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. म्हणाली, “ताई, तुम्ही कुणाला देताय? मी पण तिथेच गोल भरते.” तिचा माझ्यावर विश्वास होता आणि मला तो सुखावून गेला. तेवढ्यासाठीच मी तिला सांगितलं नाही. उमेदवारांची पुस्तिका पुढ्यात ठेवली, चहा टाकला. शाळेच्या कराच्या प्रस्तावावर ती बराच वेळ अडली. माझ्याशी वाद घातला, शेवटी माझ्या उलट गोल भरला आणि लिफाफ्यावर सही केली. ती सही तिची एकटीची असावी लागते, नोंदीतल्या सहीशी ताडून पाहतात.

नोव्हेंबर 1985 मध्ये गावाचं नाव पुन्हा अँटिलोप करायला मतदान झालं: 34 विरुद्ध शून्य. त्यात जुने गावकरी होते, आणि अजून तिथे राहिलेले संन्यासीही. शीला देश सोडून गेल्या होत्या, गुरूंना अटक झाली होती. त्या दिवशी मत कसं द्यायचं हे सांगायला कोणी नव्हतं. दोन्ही वेळा मत दिलेला एखादा संन्यासी भेटला, तर मला त्याला विचारायचं आहे: 55 मधलं मत तुमचं होतं, की 34 मधलं?