नटबोल्ट लपवू नका

मॉडेल खाली ठेवा आणि इकडे बघा. गावासाठी हापसा केलाय म्हणता. रंग सुंदर, दांड्याला वळण सुंदर. पण दांडा या उंचीवर का, असं विचारलं तर उत्तर काय, तर "प्रमाणात दिसतो." कोणाच्या प्रमाणात? शाळेच्या आधी पाणी भरणारी आठ वर्षांची पोर त्या दांड्याला लोंबकळणार आहे, तिचा हात तिथवर पोचतो का, हे पाहिलंत? एकानेही पाहिलेलं नाही. दिवसभरात किती माणसं तो हापसणार, तेही कुणाला सांगता आलं नाही. मग महिनाभर केलंत काय?

ही चूक या देशाने एकदा भोगली आहे. १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे गावोगाव खडकात बोअर घेतल्या आणि त्यांवर बिडाचे हापसे बसवले. त्यांची घडण मुळात परदेशातल्या एकेका कुटुंबाच्या वापराची. इथे पहाटेपासून अख्खं गाव रांगेत! सांधे झिजले, बोल्ट खिळखिळे झाले, दांडे तुटले, आणि बाया हंडे घेऊन पुन्हा जुन्या पाणवठ्याच्या वाटेला लागल्या.

तोडगा काढला तो जालना आणि सोलापूरकडे प्रत्यक्ष बोअरवर राबणाऱ्यांनी. बीड सोडून पोलाद घेतलं. दांडा बेअरिंगवर फिरवला आणि बोअरमध्ये उतरणाऱ्या सळईला साखळीने जोडला, म्हणजे दांडा कसाही ओढला तरी सळई सरळच वरखाली होते. त्याच सोलापूर पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफ, सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी मिळून 'इंडिया मार्क टू' घडवला. आजही कितीतरी खेड्यांत तोच उभा दिसेल. देखणा आहे का, असं कुणीही विचारत नाही.

त्यातही एक खोट राहिलीच होती, आणि ती तुम्ही नीट ऐका. खोल सिलिंडरमधला एक चामड्याचा वायसर बदलायचा, तर सगळे पाइप उपसून वर काढावे लागत. तिकाटणं हवं, गाडी हवी, चार-पाच माणसं हवीत. ती येईपर्यंत गाव कोरडं. म्हणून पुढे 'मार्क थ्री' आला. त्याचा पाइप रुंद केला, म्हणजे नुसत्या सळया ओढल्या की त्यातूनच दट्ट्या वर येतो. गावातला माणूस साध्या हत्यारांनी दुरुस्ती करू शकतो.

आणि तुम्ही? "दिसायला बरं नाही" म्हणून नटबोल्ट आत दडवलेत! झाकण काढायला जागा नाही, पाना फिरवायला जागा नाही. हा बिघडला की फेकूनच द्यायचा का? गावाने दुसरा आणायचा कुठून? याला तुम्ही डिझाइन म्हणता, याचा मला मनापासून राग येतो.

मार्क मिळणार नाहीत. उद्या पहिल्या एसटीने निघा. हापशावर सकाळची गर्दी संपेपर्यंत उभे राहा, हंडे भरून द्या, मग मिस्त्रीला गाठा आणि त्याच्याबरोबर एक वायसर बदला. हाताला ग्रीस लागल्याशिवाय माझ्यासमोर नवं रेखाटन आणायचं नाही.