पळती लय

आमच्या वाद्यवृंदाचे पहिले ध्वनिमुद्रण ठरले आणि तालमी घेण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. संवादिनी, तबला, व्हायोलिन, बासरी, गाणाऱ्या दोन मुली आणि गाणी चार. स्टुडिओचे भाडे तासावर; तेव्हा चुकायचे ते घरच्या सतरंजीवर चुकून घ्या, असे मी सर्वांना बजावले. व्हायोलिनच्या नव्या तारा आठवडाभर आधीच चढवल्या, कारण नवी तार स्थिरावेपर्यंत सारखी उतरते. प्रत्येक गाण्याची लय वहीत टिपली आणि मेट्रोनोमची टकटक सुरू केली.

इथेच माशी शिंकली. तिसऱ्या गाण्यात मुखडा जवळ आला, की आमच्या वयोवृद्ध तबलजींची, म्हणजे नानांची, लय पळे. कोणीतरी सुचवले, “त्यात काय! हल्ली संगणकावर एकेक ठोका जागेवर सरकवता येतो. नानांना सांगायचे कशाला?”

त्या रात्री मला झोप आली नाही. १९०२ साली गौहर जान कलकत्त्यात कर्ण्यासमोर गायल्या, तेव्हा तबकडीत सुमारे तीन मिनिटे मावत. चूक झाली तर सारेच पुन्हा गायचे. पुढे चुंबकीय फीत आली आणि कापणे-जोडणे सोपे झाले. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने तर १९६४ मध्ये मैफली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओ जवळ केला. निरनिराळ्या वेळी वाजवलेले तुकडे जोडण्यात त्याला गैर वाटत नसे. मलाही ते पटते. हा लेख लिहिताना मीच किती ओळी खोडल्या! दुरुस्ती म्हणजे लबाडी नव्हे.

मग मन का टोचत होते? मी खोडतो तो माझा शब्द. नानांचा ठोका त्यांच्या नकळत सरकवणे म्हणजे दुसऱ्याच्या पत्रातली ओळ बदलून खाली सही मात्र त्याचीच ठेवणे.

सकाळी मी नानांना सारे सांगितले. ते हसले. “अरे, लय पळते हे मला का कळत नाही? त्या धाकटीचा श्वास मुखड्यापाशी संपतो. ती तुटायच्या आत मी तिला समेवर पोचवतो.”

संध्याकाळी तालमीत मी नीट पाहिले. अगदी खरे होते. इतके दिवस मी टकटक ऐकत होतो. नाना त्या पोरीचा श्वास ऐकत होते.

आम्ही टकटक बंद केली आणि एकाच खोलीत बसून मुद्रण केले. दुसरे गाणे संपताच नाना स्वतःच म्हणाले, “ही ओळ पुन्हा घ्या. इथे मी चुकलो.”

तिसऱ्या गाण्यातली लय अजून पळते. ज्याची चूक त्यालाच विचारल्यावाचून ती चूक आहे की माया, हे कळायचे कसे?