चाक नेमकं कुठे उभं राहतं

नवी मॅगव्हील घ्यायला गेलं की दुकानदार आधी इंच विचारतो, मग भोकं मोजतो: चार की पाच, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर की ११४.३. ती जुळली की नट बसतात, आणि नट बसले म्हणजे चाक बसलं असं आपण धरून चालतो. ऑफसेटचा विषय निघालाच तर ‘जरा बाहेर येईल, भारी दिसेल’ एवढ्यावर भागतं.

रिम पालथी घालून पाहा. आऱ्यांमागे कुठेतरी ‘६ जे × १५, ईटी ४५’ अशी उठावाची अक्षरं सापडतात. हे ‘ईटी’ जर्मन शब्दावरून आलंय. रिमच्या रुंदीच्या बरोबर मधोमध एक रेघ कल्पा. हबला टेकणारा सपाट भाग त्या रेघेपासून जितके मिलिमीटर दूर, तितका ऑफसेट, म्हणजेच ‘ईटी’पुढचा आकडा. तो भाग बाहेरच्या अंगाला असेल तर आकडा धन, आतल्या अंगाला असेल तर ऋण. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो धनच असतो, म्हणून चाक मागून खोलगट दिसतं. त्या खोलगटात ब्रेक आणि हब मावतात.

घोटाळा होतो तो इथे: आकडा घटला की चाक बाहेर येतं. ४५ च्या जागी ३५ घेतलं तर १० मिलिमीटर. त्यात रिम ६ ची ७ इंच केली, तर दोन्ही अंगांना आणखी १२.७ वाढले. म्हणजे बाहेरची कड २२.७ नं पुढे आली, आतली जेमतेम २.७ नं सरकली. ऑफसेट ४५ च ठेवला असता, तर आतली कडही १२.७ नं शॉकअपकडे गेली असती.

बाहेर आलं तर बिघडलं काय? भरलेली कळशी कमरेवर घ्या आणि मग तीच हात लांब करून धरा. वजन तेच, पण खांदा बोलायला लागतो. इथे खांदा म्हणजे बेअरिंग. शिवाय स्टिअरिंग ज्या रेषेवर वळतं, तिच्यापासून टायरचा टेकू लांब गेला की प्रत्येक खड्डा हातातलं स्टिअरिंग ओढू पाहतो. स्पेसर लावूनही हेच होतं, फक्त बिल वेगळं.

दुकानासमोर रिकामी उभी असलेली गाडी यातलं काही दाखवत नाही. पुढची दोन्ही चाकं चढवा, चार माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, एखाद्या गतिरोधकावरून हळू न्या. मग मडगार्डच्या आत बोट फिरवा. घासलं असेल तर तिथे गुळगुळीत काळा पट्टा लागतो.