खानदेशाएवढा देश

स्वित्झर्लंड आपल्याला कळला तो हिंदी सिनेमातून. बर्फ, हिरवी कुरणं आणि त्या थंडीत शिफॉनची साडी नेसून गाणं म्हणणारी नायिका. त्या गाण्यात न दिसलेला स्वित्झर्लंड जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याच्या माणसाला जास्त कामाचा आहे.

नुसते आकडे समोरासमोर ठेवले तरी गंमत वाटते. खानदेश म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून सुमारे 25 हजार चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 79 लाखांच्या घरात. स्वित्झर्लंड 41 हजार चौरस किलोमीटर, त्यातला निम्म्याहून जास्त आल्प्सचा डोंगर. लोक सुमारे 90 लाख. समुद्र दोघांनाही नाही. खानदेशाच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये तापीचं खोरं, तशीच तिकडे ज्युरा आणि आल्प्स यांच्यामध्ये पठाराची पट्टी. बहुतेक वस्ती त्या पट्टीतच. जमिनीखाली कोळसा, तेल, सोनं म्हणावं असं त्यांच्याकडेही काही नव्हतं. खानदेश तर एकेकाळी स्वतंत्र राज्यच होतं. फारुकी सुलतानांनी थाळनेर आणि पुढे बऱ्हाणपुराहून दोनशे वर्षांच्या वर राज्य केलं, ते 1601 मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत.

मग फरक पडला कुठे? ‘ते मुळातच श्रीमंत’ हे उत्तर टिकत नाही. कित्येक शतकं स्विस डोंगरातला तरुण पोटासाठी परक्या राजांच्या फौजेत भाडोत्री शिपाई म्हणून जात होता. पोपच्या दारात आजही उभे असलेले स्विस पहारेकरी ही त्याच गरिबीची खूण. 1816-17 च्या दुष्काळानंतर कित्येक कुटुंबं ब्राझीलला गेली आणि तिथे त्यांनी नोव्हा फ्रिबुर्गो हे गाव वसवलं. आपल्याकडची पोरं सुरतेला जातात; तिथल्या उधना-लिंबायतच्या गल्ल्यांतून आजही खानदेशची बोली, अहिराणी, ऐकू येते. पोट हातावर घेऊन घर सोडणं दोघांच्याही इतिहासात आहे.

मला फरक दिसतो तो राज्यकारभारात. 1848 च्या राज्यघटनेने स्वित्झर्लंडला संघराज्य केलं, पण सगळी सत्ता राजधानी बर्नला नेली नाही. देशात 26 कँटन, म्हणजे प्रांत, आहेत आणि त्यांच्याखाली दोन हजारांवर ग्रामपालिका. कर तिन्ही पातळ्यांवर बसतो आणि आपल्या गावाचा दर गावच ठरवतं. शाळेची इमारत हवी तर कर वाढवा, नको तर तोही निर्णय तुमचा. संसदेचा कायदा पटला नाही, तर शंभर दिवसांत 50 हजार सह्या जमवून तो सार्वमताला लावता येतो. सरकारात सात मंत्री असतात. राष्ट्राध्यक्ष त्यांच्यातलाच एक, आणि दरवर्षी बदलतो. त्याचं नाव ठाऊक नसलं तरी तिथल्या माणसाचं काही अडत नाही. गावच्या अंदाजपत्रकाचा आकडा मात्र त्याला माहीत असतो, कारण त्यासाठी हात त्याने स्वतः वर केलेला असतो.

पारोळ्यात आपण काय विचारतो? ‘वरून निधी आला का?’ हे ‘वरून’ आपल्या कारभाराचं सार आहे. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली. नाक्यावरच्या रांगा आणि चिरीमिरी संपली हे चांगलंच झालं, पण गावाच्या हातातलं कमाईचं मोठं साधनही गेलं आणि त्याजागी सरकारी अनुदान आलं. पुढे 2022 च्या सुमारास महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिका आणि जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती गेल्या आणि निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या. आमदारकीची निवडणूक सहा महिने लांबली असती तर केवढा गहजब झाला असता! नगरपालिकेची लांबली, तर चहाच्या टपरीवर दोन दिवस चर्चा झाली आणि विषय संपला. आपला पैसा तिथे लागलेला नाही, म्हणून आपला जीवही तिथे गुंतत नाही.

गावाने मिळून कारभार करणं आपल्या मातीत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. पारोळ्याच्या पश्चिमेला, धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धत शतकानुशतकं चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि दरसाल फेरपालट करायची. प्रत्येकाची जमीन थोडी थोडी निरनिराळ्या फडांत, त्यामुळे एकाला सगळं पाणी आणि दुसऱ्याला सगळं कोरडं, असं होत नसे. पाणी शेतकऱ्याने स्वतः वळवायचं नाही. ते पाटकरी देणार. पिकाची राखण जागल्या करणार. पंच नेमायचे गावानेच. नदीला पाणी कमी आलं तर भिजणारं क्षेत्रच कमी करायचं, म्हणजे तूटही सगळ्यांच्या वाट्याला येई.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी विदुषीला 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच सामायिक मालमत्तांच्या अभ्यासासाठी. तिने दिलेलं एक उदाहरण स्वित्झर्लंडच्या वाले कँटनमधल्या टोर्बेल गावाचं आहे. 1517 पासून तिथला नियम असा की, हिवाळ्यात आपल्या गोठ्यात जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या. टोर्बेलची गुरं आणि पांझरेचं पाणी यांच्यामागे अक्कल एकच. त्यांच्या देशाने ती राज्यघटनेपर्यंत चढवली. आपल्याकडे धरणं झाली, पाटबंधारे खातं आलं आणि फड बहुतेक ठिकाणी मोडले किंवा नावापुरते उरले. आज तामसवाडीच्या बोरी धरणासारख्या प्रकल्पांतून पाणी केव्हा सुटायचं, ते सरकारी बैठकीत ठरतं. 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना हक्क दिले, पण कागदावर संस्था काढणं वेगळं आणि शेजाऱ्याचं पाणी बंद करायचा निर्णय त्याच्या तोंडावर घेणं वेगळं.

इथे एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. गाव म्हणजे न्यायच, असं नव्हे. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर 1948 मध्ये संविधान सभेत खेड्याच्या गौरवगाथेवर केलेली टीका प्रसिद्ध आहे; ज्याला पाणवठ्यावर जागा नव्हती, त्याला पंच नेमण्याचा आनंद काय सांगणार? आणि स्वित्झर्लंडही याला अपवाद नाही. स्त्रियांना राष्ट्रीय मतदानाचा हक्क मिळायला तिथे 1971 उजाडलं. अपेंझेल इनररोडन या चिमुकल्या कँटनमधले पुरुष उघड्या मैदानात हात वर करून त्यानंतरही स्त्रियांना नकार देत राहिले. अखेर 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांचा हात धरावा लागला. म्हणून हक्कांची राखण वरच्या पातळीवरच हवी. पण गटार कुठून काढायचं आणि शाळेचं छप्पर केव्हा बदलायचं, यासाठी मुंबईच्या सहीची वाट पाहण्यात कुठल्या दुबळ्याचं रक्षण होतं?

भाषेच्या बाबतीतही हेच दिसतं. रोमान्श भाषा बोलणारे लाखभरही नाहीत, पण 1938 मध्ये देशाने सार्वमत घेऊन तिला चौथी राष्ट्रभाषा केलं. 2011 च्या जनगणनेत ‘खानदेशी’ मातृभाषा नोंदवणारे 18 लाख होते. आपली पोरं शाळेत मात्र अहिराणी दडवायला शिकतात. ज्याला आपल्या बोलीत ठराव मांडता येत नाही, तो ग्रामसभेत गप्प बसतो आणि त्याच्या वतीने दुसराच कुणी बोलतो.

म्हणून देश मोठा की लहान, हा प्रश्नच मला फसवा वाटतो. निर्णय किती खालपर्यंत उतरतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहिलं पाहिजे. पारोळ्याने स्वित्झर्लंड व्हायची काही गरज नाही. पण घरपट्टीतला रुपया कुठे गेला, हे नगरपालिकेत जाऊन विचारायला सार्वमत लागत नाही. तो हिशेब मागणारी शंभर माणसं गावात निघाली, तर ‘वरून काय आलं’ या प्रश्नाआधी ‘आपण काय ठरवलं’ हा प्रश्न येईल.